धपाटीने खाणं सोडलं तेव्हा

मागच्या डिसेंबरात धपाटीने खाणं सोडलं. पुढ्यात मिलवर्म, म्हणजे तिच्या खाण्यातल्या अळ्या, वळवळायच्या, ती क्षणभर बघायची, मान फिरवायची आणि खापराखाली जाऊन बसायची. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कामून रे, खाईना झालीय ही? नजर लागली का काय?"

धपाटी ही लेपर्ड गेको जातीची पाल. पुतण्या पुण्याला शिकत होता तेव्हा त्याने ती पाळली आणि सुट्टीत इकडे परभणीला घेऊन आला. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके. आईने पाहताक्षणी सांगितलं, "तव्यावर जरा जास्त भाजलेलं धपाटं दिसायलंय हे." नाव तिथेच पडलं. पुढे पुतण्याला नोकरी लागली, तो गेला आणि पाल माझ्याकडे राहिली. पाल अंगावर पडली की लोक पंचांगात फळ बघतात. ही तर गळ्यातच पडली होती, बघायचं कुठे?

तीन वर्षांत जे शिकलो ते बरंचसं चुका करून. मराठवाड्यात आता बऱ्याच घरांत अशा पेट्या दिसतात आणि लोक फोन करून विचारतात, म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. औषधाचं नाव आणि मात्रा इथे सापडणार नाही, कारण पन्नास-साठ ग्रॅमच्या जिवाला एक थेंब जास्त झाला तरी महागात पडतं. पण आजार ओळखायचा कसा, घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढं आपल्या हातात असतं.

शेपूट म्हणजे कणगी

ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या मुलखातली. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. घरातल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या. हिला पापण्या असतात, आणि पायाला चिकटणारी गादी नसते, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. विषारी तर नाहीच. दिवसभर बिळात आणि तिन्हीसांजेला बाहेर, हा तिचा शिरस्ता. त्यामुळे दिवसभर झोपून राहते हे काही आजाराचं लक्षण नव्हे. शिकारीआधी शेपटीचं टोक हळूहळू हलवते, तेही नव्हे.

रानातला लहान प्राणी आजारपण दाखवत नाही, कारण दाखवलं की कोणीतरी खाऊन टाकतं. काचेच्या पेटीतही ही खोड जात नाही. गेको मलूल पडलेली आपल्याला दिसते तोवर आजार आत कित्येक दिवस, कधी आठवडे, मुरलेला असतो. म्हणून चेहऱ्याकडे बघून उपयोग नाही. बघायचं शेपटीकडे, वजनकाट्याकडे आणि शीकडे.

शेपूट ही तिची कणगी. सुगीत भरायची, टंचाईत त्यातून खायचं. धडधाकट पालीची शेपूट बुडाशी जवळजवळ मानेएवढी जाड असते. ती बारीक व्हायला लागली, कमरेची हाडं वर दिसायला लागली, की आतला साठा संपत चाललाय. आईने बहात्तरचा दुष्काळ काढलाय, तिला हे एका वाक्यात कळलं. उलट शेपूट डोक्यापेक्षा रुंद आणि काखेत फुगवटे आलेले असतील तर तो लाड आहे. तेलकट मोठ्या अळ्यांचा रतीब लावला की तिच्या यकृतावर चरबी चढते आणि तोही आजारच.

वजनासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो (घरचा वापरू नका, वेगळा घ्या, कारण पुढे येईलच). रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा, पाल डब्यात सोडायची, आकडा वहीत लिहायचा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. मोठी गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅमची असते, पण दुसऱ्याच्या पालीशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपलीच मागच्या महिन्याशी करायची. दहा टक्के वजन उतरलं तर वाट बघत बसू नका.

शी निरोगी असेल तर तपकिरी, बांधलेली, आणि टोकाला पांढरा खडूसारखा भाग. तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवी. तो पिवळा-केशरी आणि टणक होत गेला तर पाणी कमी पडतंय. शी पातळ, घाण वासाची, किंवा त्यात न पचलेला किडा जसाच्या तसा दिसत असेल तर ती काडेपेटीत घालून ठेवा, फेकू नका. तपासायला लागते.

आता डिसेंबरचं कोडं. पाच आठवड्यांत वजन ५८ वरून ५६ ग्रॅमवर आलं, शेपूट तेवढीच जाड, डोळे टक्क उघडे, जीभ नेहमीसारखी आत-बाहेर होत होती. मी पेटीच्या फरशीवर थर्मामीटरची तार टेकवली. पहाटे सहाला १६ अंश. हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेवर तापणारी चटई, तर चोवीस तास चालू असायला हवी होती! मग लक्षात आलं. "वीज जाळायची कशाला रात्रभर" म्हणून आई रोज झोपताना तो बोर्ड बंद करायची आणि मी सकाळी नऊला उठून, न बघता, सगळी बटणं चालू करायचो.

पुस्तकं थंड देशांतली, उन्हाळा परभणीचा

गेकोचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून गरम राहत नाही. फरशीची ऊब पोटाला लागली तर पचन चालतं, रोगाशी लढायची ताकद येते, औषधसुद्धा लागू पडतं. ऊब नसेल तर पोटातला किडा पचण्याऐवजी कुजतो. म्हणून थंडीत न खाणाऱ्या पालीच्या तोंडात बळेबळे अन्न कोंबणं हा सगळ्यात वाईट उपाय. आधी ऊब, मग पाणी, अन्न शेवटी. आजारी पालीच्या बाबतीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो की उबदार कोपऱ्याची फरशी किती अंशांवर आहे? दहातल्या आठ जणांना माहीत नसतं.

पेटीच्या एका टोकाला फरशी ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ असावी, म्हणजे तिला हवं तिथे जाता येतं. रात्री वीसपर्यंत उतरलं तर बिघडत नाही. मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या अंशावर ऊब रोखणारं यंत्र, हवाच. नसला तर मॅट तापत राहते आणि पोट भाजतं. पोटावर लालसर-तपकिरी चट्टा, मग फोड, असं ते दिसतं. पालीला खालून लागणारी धग वेळेवर कळत नाही, ती बसून राहते.

हे सगळं पुस्तकात असतं. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरात बारा महिने गारठा असतो. त्यांची सगळी चिंता पाल गरम कशी ठेवायची ही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेरचा पारा एक आकडी होतो हे खरं, पण मे महिन्यात दुपारी तो ४२-४३ वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. तेव्हा मॅट बंद करून पेटी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, खाली शहाबादी फरशीवर टेकवून ठेवायची. खोलीची हवाच ३५ च्या वर गेली तर पालीला पळायला थंड कोपरा उरत नाही. तोंड उघडून धापा टाकायला लागली, काचेवर खरवडायला लागली, मग एकदम लुळी पडली, की तो उष्माघात. गार ठिकाणी न्या, माठातलं नव्हे तर साध्या पाण्यात बोटभर खोल उभी करा, डोकं वर ठेवा. बर्फ अजिबात नको. सावध झाली तरी डॉक्टरांना दाखवा.

कूलरबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण तो कुठल्या पुस्तकात नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून येणारी हवा गार असते तशी ओलीही असते. पेटी कूलरच्या झोतात ठेवली तर आत दमट गारवा साठतो आणि त्यातून छातीचा संसर्ग होतो. नाकपुडीला बुडबुडे, तोंडात चिकट तार, श्वास घेताना टिकटिक आवाज, मान वर करून बसणं. पावसाळ्यात लाईट गेल्यावरही असंच होतं. यावर घरगुती औषध नाही. पेटी कोरडी आणि उबदार करा आणि डॉक्टर गाठा. वाफ देऊ नका, विक्स तर मुळीच लावू नका. हे मी गमतीने लिहीत नाही, एकाने लावलं होतं.

कात अडकली की बोट जातं

मोठी गेको महिन्या-दीड महिन्याने कात टाकते, पिल्लं दर आठ-पंधरा दिवसांनी. आधी अंग फिकट, राखाडी पडतं, खाणं दोनेक दिवस थांबतं. मग रात्रीतून ती कात तोंडाने ओढून काढते आणि खाऊन टाकते. सकाळी पेटीत काहीच सापडत नाही म्हणून घाबरू नका.

अडचण होते ती बोटांवर, शेपटीच्या टोकावर आणि पापण्यांखाली. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. तिथे कातीचं काय. बोटाला राहिलेला कातीचा तुकडा वाळला की अंगठीसारखा आवळतो, पुढचं रक्त थांबतं, बोट काळं पडून गळतं. परत येत नाही. धपाटीच्या उजव्या पुढच्या पायाला चारच बोटं आहेत, ती माझ्या पहिल्या उन्हाळ्याची खूण.

उपाय स्वस्त आहे. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, झाकणाला किंवा बाजूला पाल जाईल एवढं भोक पाडा, कडा मेणबत्तीवर गुळगुळीत करा, आत ओलसर नारळाचा भुसा नाहीतर साधा ओला टिश्यू. डबा पेटीच्या मध्यावर, उबेच्या बाजूला झुकता ठेवा. भुसा मुठीत दाबला तर पाणी गळता कामा नये. दर कातीनंतर भिंग घेऊन वीसच्या वीस बोटं मोजा.

कात राहिलीच तर उथळ डब्यात कोमट पाणी, मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागेल असं, तिच्या कोपरापर्यंत. झाकणाला भोकं. पंधरा-वीस मिनिटं. मग ओल्या इयरबडने बोटाच्या मुळापासून टोकाकडे हळूहळू गुंडाळायचं. सुटत नसेल तर उद्या पुन्हा. चिमट्याने ओढलं तर खालची नवी कातडी सोलून येते. डोळ्याच्या आतली कात मात्र घरी काढायला जाऊ नका. डोळा सुजलेला, मिटलेला, पांढरट गोळा साठलेला असेल तर त्यामागे अनेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, आणि आंधळी झालेली पाल शिकार करू शकत नाही म्हणून उपाशी मरते.

चुना नको

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त गेको यात खराब होतात.

किड्यांच्या अंगात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी असतं. पालीला उलटं हवं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. घर चालवायला वासे विकावेत तसं. सुरुवातीला काही दिसत नाही. मग हातात घेतल्यावर बोटं थरथरतात. चालताना पोट जमिनीवरून उचलत नाही, ओढत नेते. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा मऊ होतो, आणि मऊ जबड्याने किडा चावता येत नाही म्हणून खाणं सुटतं. शेवटी झटके. वाढत्या पिल्लांत आणि अंडी घालणाऱ्या मादीत हे झपाट्याने होतं.

लवकर सापडलं तर थांबवता येतं. डॉक्टर एक्स-रे काढतात, हाडं फिकट, विरळ दिसतात. कॅल्शियम पोटातून देतात, झटके असतील तर इंजेक्शनने, सोबत डी ३ जीवनसत्त्व. पाल महिन्या-दोन महिन्यांत सावरते. वाकलेला पाय मात्र सरळ होत नाही.

टाळायचं कसं? फॉस्फरस नसलेली, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची भुकटी आणा. किडे पिशवीत घालून, थोडी भुकटी टाकून, पीठ लावलेल्या भज्यासारखे हलवा. पिल्लांना जवळजवळ प्रत्येक वेळी, मोठ्यांना एक आड एक. सोबत डी ३ हवं, कारण त्याशिवाय कॅल्शियम आतड्यातून आत जात नाही. ते एकतर भुकटीतून मोजकंच द्यायचं किंवा यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांच्या, दिव्यातून. काचेतून येणारं ऊन यासाठी बिनकामाचं, काच ते किरण अडवते. आणि पेटी थेट उन्हात ठेवणं म्हणजे पाल भाजणं.

आईने पहिल्यांदा हे ऐकलं आणि पानाचा डबा पुढे केला. "चुन्यात कॅल्शियमच असतंय की. लाव चिमूटभर." आपल्याकडे हाडांसाठी चुना खायची रीत जुनी आहे, त्यामुळे हा सल्ला तुम्हालाही मिळेल. पण ओला चुना दाहक असतो, पालीचं तोंड आणि अन्ननलिका भाजेल. गाईम्हशींच्या खनिज मिश्रणाची पिशवीही गोठ्यातच राहू द्या. त्यात फॉस्फरस मुद्दाम घातलेला असतो.

किडे स्वतः उपाशी असतील तर वरून कितीही भुकटी लावा, आत पोकळच. खायला घालायच्या आदल्या दिवशी त्यांना गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर द्या. आपल्याकडे एक सोय अशी की बीड आणि जालन्याकडे रेशीम करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. तुतीच्या पाल्यावरच्या लहान रेशीमअळ्या गेकोला फार मानवतात, मऊ असतात, पाणी भरपूर असतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर मिळतात. फक्त तुतीवर फवारणी झालीय का आणि अळ्यांवर निर्जंतुक करायची पावडर टाकलीय का, हे विचारून घ्या. भुकटी तरीही लावायचीच.

रानातला नाकतोडा

डिसेंबरचं उपोषण ऊब मिळताच दहाव्या दिवशी सुटलं. ऑगस्टात पुन्हा खाणं बंद झालं आणि मी निवांत राहिलो, होईल म्हटलं सुरू. तीन आठवड्यांत वजन ५८ वरून ५१. शेपटीवर सुरकुती. शी पातळ. खाण्याचा नकार तोच, पण वही वेगळं सांगत होती. शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा, आणि उशिराच.

झालं असं होतं की सुट्टीत आलेला पुतण्या गावाकडच्या बांधावरून नाकतोडे पकडून आणायचा. फुकट आणि ताजे. रानातल्या किड्यांबरोबर जंत येतात ही एक गोष्ट. दुसरी याहून भयंकर. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात जुलै ते ऑक्टोबर फवारणी चालूच असते, आणि विष अंगावर घेतलेला किडा मेलेला नसतो, फक्त मंद झालेला असतो, म्हणून तर तो हाताला लागतो. त्यात नशीब आमचं की जंतांवरच भागलं. काजवे तर कधीच घालू नका. काही काजव्यांच्या अंगात हृदय बंद पाडणारं विष असतं आणि एखाद-दुसऱ्या काजव्याने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. पेटीच्या खोलीत मच्छर अगरबत्ती, मुंग्यांचा खडू, फिनेल यांचीही तीच गत.

आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आयुष्यात गेको पाहिली नव्हती आणि तसं सरळ सांगितलं. मला ते आवडलं. पण शेळीची लेंडी ज्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्याचखाली हिची शी बघता येते. जंतांची अंडी दिसली. त्यांनी पुण्यातल्या जाणकार सहकाऱ्याला फोन करून वजनावरून मात्रा काढली, इन्सुलिनच्या सिरिंजने दोन वेळा औषध, मध्ये दोन आठवड्यांचं अंतर. जंतनाशक एकदा देऊन भागत नाही. अंड्यांतून नवे निघतात. आणि त्या काळात पेटीत फक्त टिश्यू, रोज बदललेला, नाहीतर पाल स्वतःच्याच शीतून पुन्हा जंत घेते.

सगळे जंत मात्र इतके सोपे नसतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी गेकोच्या आतड्यात बसतो आणि पाल खात असली तरी वाळत जाते. शेपटीची काडी होते. खाल्लेलं ओकते. साध्या तपासणीत हा बऱ्याचदा निसटतो, शीची पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी, तपासणी लागते, तीही एकापेक्षा जास्त वेळा. खात्रीने बरं करणारं औषध नाही. काही औषधांनी जोर कमी होतो एवढंच. पेटी ब्लीचने धुतली तरी तो मरत नाही. ज्यांच्याकडे चार-पाच पेट्या आहेत त्यांनी नवी पाल निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, सगळ्यात शेवटी हात लावून सांभाळावी. हाल होत असलेल्या पालीला डॉक्टरांकडून शांतपणे जाऊ देणं, हा पर्यायही कधीतरी समोर येतो. तो मनात येणं म्हणजे पाप नाही.

बाकीचं थोडक्यात

वाळू. पेटी सुंदर दिसावी म्हणून मी गंगाखेडहून गोदावरीची बारीक वाळू आणली होती. किड्याबरोबर वाळू पोटात जाते, ऊब आणि कॅल्शियम कमी असेल तर आतड्यात तिचा गोळा होतो. आठवडाभर शी नाही, पोट फुगलेलं, जोर करते पण होत नाही. कोमट पाण्यात बसवणं आणि ऊब तपासणं इतकं घरी करा. एरंडेल पाजू नका, तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसं जातात. दोन दिवसांत फरक नाही तर एक्स-रे. आमच्या पेटीत आता टाइल आहे, वाळू अंगणात तुळशीला घातली.

शेपूट तुटली तर रक्त फारसं येत नाही, तुटलेला तुकडा वळवळतो ते बघून माणसंच चक्कर येऊन पडतात. हळद भरू नका. पाण्याने पातळ केलेलं आयोडीनचं औषध हलक्या हाताने लावा, टिश्यू घाला, चांगलं खाऊ द्या. नवी शेपूट कांद्यासारखी गोल आणि बिनठिपक्यांची येते.

नर जवळ नसतानाही मादी अंडी घालते. पोटाच्या कातडीतून दोन पांढरट लांबट गोळे दिसतात. ओल्या भुशाचा डबा मिळाला नाही, कॅल्शियम कमी पडलं, तर अंडी अडकतात. खणत राहते, मग थकून पडते. हे दिसलं तर थांबू नका. गुदद्वारातून लालसर मांस बाहेर आलेलं दिसलं तर तेही त्याच दिवशीचं काम. तोवर ते साखरेच्या पाण्याने किंवा सलाईनने ओलं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, बोटाने आत ढकलायचं नाही. हिरड्या लाल, तोंडाच्या कडेला पिवळा चिकटा, जबडा नीट मिटत नाही, हा तोंडाचा संसर्ग.

काही आजार विकत येतात. एनिग्मा नावाच्या रंगप्रकारात मेंदूचा उपजत दोष असतो. पाल गोल फिरते, आकाशाकडे बघत बसते, किड्यावर नेम चुकतो. लेमन फ्रॉस्ट हा पिवळाजर्द प्रकार पाहून कोणीही भुलेल, पण त्यात रंगपेशींच्या गाठी होतात, आणि २०२१ मध्ये संशोधकांनी त्याचा संबंध एका जनुकाशी जोडून दाखवला. असले प्रकार घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रानातून उचलून आणणं तर त्याहून वाईट. हिच्या सख्ख्या बहिणी आपल्या राज्यातच आहेत. सातपुड्यातली एक जात तर २०१४ मध्ये जगाला नव्याने कळली. त्यांना पकडणं गुन्हा आहे.

डॉक्टरकडे जाताना

परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारून बघा. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना गेकोची सवय नसेल, पण एक्स-रे, सूक्ष्मदर्शक आणि हिशेबी डोकं सगळीकडे सारखंच चालतं. जाताना ताजी शी छोट्या डबीत, शक्यतो त्याच सकाळची. पेटीचा फोटो, दोन्ही टोकांचं तापमान, काय खाते, कोणती भुकटी, शेवटची कात कधी. उन्हाळ्यात पहाटेची एसटी धरा. भोकं पाडलेला डबा, आत टिश्यू, डब्याला बाहेरून ओलं फडकं. गाडी उभी करून डबा आत ठेवून चहाला उतरू नका.

हात धुण्याचं राहिलं. अगदी ठणठणीत गेकोच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. तिला त्याचा त्रास नाही, आपल्याला होतो. पाच वर्षांखालची लेकरं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाया यांना जास्त. पालीला, पेटीला, किड्यांना हात लावला की साबणाने धुवायचे. पाण्याची वाटी स्वयंपाकघराच्या मोरीत घासायची नाही. काटा वेगळा घ्यायला सांगितलं ते यासाठीच.

दुसऱ्या मात्रेनंतर तीन आठवड्यांनी पुन्हा शी तपासली, अंडी नव्हती. दिवाळीपर्यंत वजन ५७ वर आलं. हीट मॅटच्या बटणावर आईने पांढरी चिकटपट्टी लावलीय. घरातली बाकीची सगळी बटणं ती अजून रोज रात्री बंद करते.